थॉमस जेफरसन: कारकीर्द समजून घ्यायची तर पत्रं कुठून वाचायला घ्यावीत?

दौतटाक

अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन याच्याबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुधा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, लुइझियानाची खरेदी (१८०३ मध्ये फ्रान्सकडून घेतलेला पश्चिमेकडचा मोठा मुलूख) आणि मॉन्टिसेलोचं घर एवढ्यावर थांबतं. माझं मत असं की या माणसाची खरी कारकीर्द त्याच्या टपालात आहे. सभेत बोलणं त्याला जमत नसे, आवाजही बारीक. वॉशिंग्टन आणि ॲडम्स काँग्रेससमोर उभे राहून वार्षिक निवेदन वाचत. जेफरसनने डिसेंबर १८०१ पासून ते लेखी पाठवायला सुरुवात केली आणि ती पद्धत थेट १९१३ पर्यंत, वुड्रो विल्सनने मोडेपर्यंत, चालू राहिली. पक्ष बांधला तो पत्रांतून, मंत्रिमंडळ चालवलं ते चिठ्ठ्यांतून, वैरं धरली आणि सोडली तीही पत्रांतूनच. त्याने आयुष्यभरात लिहिलेल्या पत्रांची संख्या सुमारे १९,००० मानतात.

ही पत्रं 'फाउंडर्स ऑनलाइन' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पण नवा वाचक तिथे गेला की हरवतो. म्हणून दोन प्रश्न: वाचनाचा क्रम काय ठेवावा? आणि पत्रावरून एखादा निष्कर्ष काढताना कोणत्या गोष्टी सांभाळाव्यात?

रानवारा

आधी कारकिर्दीचा सांगाडा टाकून ठेवतो, म्हणजे तारखा कुठे बसतात ते दिसेल. जन्म १३ एप्रिल १७४३. १७६९ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळात, १७७५-७६ कॉन्टिनेंटल काँग्रेस, १७७९ ते १७८१ व्हर्जिनियाचा गव्हर्नर. १७८४ ला युरोपात गेला, १७८५ ते १७८९ फ्रान्समध्ये राजदूत. १७९० ते १७९३ वॉशिंग्टनचा परराष्ट्रमंत्री, १७९७ ते १८०१ ॲडम्सचा उपाध्यक्ष, ४ मार्च १८०१ ते ४ मार्च १८०९ अध्यक्ष. पुढची १७ वर्षं निवृत्ती, म्हणजे मुख्यतः व्हर्जिनिया विद्यापीठाची उभारणी, डोक्यावरचं कर्ज आणि टपाल.

सुरुवातीच्या काळातली पत्रं फार थोडी आहेत. १ फेब्रुवारी १७७० रोजी त्याचं शॅडवेलचं घर जळालं, त्यात कागद आणि पुस्तकं गेली. त्याच महिन्यात मित्र जॉन पेजला लिहिलेल्या पत्रात ते दुःख वाचायला मिळतं. तेव्हा तरुणपणाबद्दल कुणी फार ठामपणे लिहीत असेल तर पुरावा कुठला, हे विचारावं.

अनघा_पु

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, त्यालाच हात घालते.

जेफरसन पत्रांची आवक-जावक नोंदवही ठेवत असे. ११ नोव्हेंबर १७८३ ला सुरू झाली ती जून १८२६ पर्यंत, म्हणजे मरणाच्या आठवडाभर आधीपर्यंत. साडेसहाशेच्या वर पानं. एका रकान्यात गेलेली पत्रं, दुसऱ्यात आलेली. आलेल्या पत्रापुढे ते लिहिल्याची तारीख आणि हाती पडल्याची तारीख, दोन्ही. जी पत्रं आज सापडत नाहीत, तीही कधी आली-गेली हे या वहीमुळे कळतं.

वाचक चुकतो तो इथेच. दोन पत्रं लिहिल्याच्या तारखेने ओळीत लावली की एक दुसऱ्याचं उत्तर आहे असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात दुसरं लिहिताना पहिलं अजून समुद्रात असतं. लुइझियाना विकण्याचा पॅरिसचा करार ३० एप्रिल १८०३ चा, बातमी वॉशिंग्टन शहरात पोचली ३ जुलैच्या संध्याकाळी. दोन महिन्यांचं हे अंतर मनात धरल्याशिवाय लुइझियानाचा पत्रव्यवहार समजणार नाही. क्रम लावायचा तो हाती पडल्याच्या तारखेने.

चष्मिष

अनघाताईंच्या मुद्द्याला लुइझियानाचंच उदाहरण जोडतो, कारण त्याहून चांगलं मला माहीत नाही.

संघराज्यात नवा मुलूख सामील करून घेण्याचा अधिकार राज्यघटना देत नाही, असं जेफरसनचं प्रामाणिक मत होतं. १२ ऑगस्ट १८०३ ला केंटकीचा सिनेटर जॉन ब्रेकिनरिज याला तो तसं स्पष्ट लिहितो आणि घटनादुरुस्ती लागेल म्हणतो. सहा दिवसांनी, १८ ऑगस्टला, त्याच माणसाला दुसरं पत्र: या विषयावर आता काही बोलू नका, जे करायचं ते गाजावाजा न करता करू. सहा दिवसांत तत्त्व बदललं? नाही. मधल्या काळात, १७ तारखेला, पॅरिसमधला अमेरिकी राजदूत लिव्हिंगस्टन याचं पत्र आलं होतं की फ्रान्सला सौद्याचा पश्चात्ताप होतो आहे आणि माघार घ्यायला ते निमित्त शोधत आहेत. करार मंजूर करायची मुदत ३० ऑक्टोबर. ७ सप्टेंबरला व्हर्जिनियाचा सिनेटर विल्सन केरी निकोलस याला तो पुन्हा लिहितो की घटनेचा अर्थ ताणून ती कोरा कागद करून टाकू नये. म्हणजे शंका कायम आहे, फक्त तोंड बंद आहे. २० ऑक्टोबरला सिनेटने २४ विरुद्ध ७ मतांनी करार मंजूर केला.

ही तीन पत्रं एका बैठकीत वाचावीत. नुसतं १८ ऑगस्टचं वाचलं तर माणूस लबाड वाटतो, नुसतं ७ सप्टेंबरचं वाचलं तर साधू.

कोकणकडा

मूळ मताशी मी पूर्ण सहमत नाही. पत्रांत कारकीर्द आहे हे खरं, पण त्याने ठेवलेलं दप्तर हे त्याने *ठेवलेलं* दप्तर आहे. पत्नी मार्थाशी झालेला पत्रव्यवहार त्यात नाही. १७९८ चे केंटकी ठराव (केंद्र सरकारच्या कायद्यांना आव्हान देणारे) त्याने लिहिले आणि लेखकाचं नाव वर्षानुवर्षं बाहेर येऊ दिलं नाही. परराष्ट्रमंत्री असल्यापासूनची जी टिपणं त्याने ठेवली, ती १८१८ मध्ये स्वतः पुन्हा चाळून, प्रस्तावना जोडून, पुढच्या पिढीसाठी सिद्ध केली. राजकीय प्रतिस्पर्धी हॅमिल्टनबद्दलचा बराच मजकूर तिथून येतो. उद्या इतिहास आपल्याबद्दल काय म्हणेल हे डोळ्यांसमोर ठेवून वावरणारा हा माणूस होता.

दौतटाक

कोकणकडा, हे मान्य. पण पत्राला दोन टोकं असतात. त्याने आपल्याकडची प्रत फाडली तरी दुसऱ्याच्या घरची उरते. मॅडिसन, मन्रो (दोघंही त्याचे साथीदार आणि पुढचे अध्यक्ष), ॲडम्स, वॉशिंग्टन या सगळ्यांची दप्तरं शाबूत आहेत. प्रिन्स्टनहून १९५० पासून निघणारी आवृत्ती म्हणूनच वेगळी आहे: त्याने लिहिलेल्यांबरोबर त्याला आलेली पत्रंही त्यात छापली आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या आवृत्त्या वाचणं म्हणजे टेलिफोनवरच्या संभाषणाची एकच बाजू ऐकणं. १८०९ नंतरच्या पत्रांचे खंड मॉन्टिसेलोहून निघतात.

गारगोटी

तो स्वतःच्या पत्रांच्या प्रती कशा ठेवत असे? कारकून?

मुक्तछंद

गारगोटी, कारकून जवळजवळ नाहीच. अध्यक्ष असताना एक खाजगी सचिव असे (पहिला मेरिवेदर लुईस, तोच पुढे पश्चिमेकडच्या मोहिमेवर गेला), पण पत्रं जेफरसन स्वतःच्या हाताने लिही. प्रतींचे दोन मुख्य मार्ग होते. जरा तपशिलात सांगतो, कारण पत्राखालची तळटीप समजायला हे लागतं.

पहिला, दाबयंत्र. जेम्स वॉटने, वाफेच्या इंजिनवाल्याच, १७८० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पत्र एका खास शाईने लिहायचं. शाईत गोंद किंवा साखर असते, त्यामुळे ती लवकर पक्की होत नाही. मग पातळ, खळ न लावलेला कागद ओलसर करून पत्रावर ठेवायचा आणि दोन्ही एकत्र दाबायचे. शाईचा अंश वरच्या कागदावर उतरतो. अक्षरं उलटी उमटतात, पण कागद इतका पातळ की पाठीमागून सुलटी वाचता येतात. बिघडतं ते असं: कागद जास्त ओला झाला तर अक्षर फुटतं आणि मूळ पत्रही डागाळतं, कमी ओला असला तर पुसट छाप येतो, आणि शाई पुरती वाळून गेली की काहीच उतरत नाही, म्हणून पत्र लिहिल्यावर फार वेळ घालवता येत नाही. पॅरिसमध्ये असताना त्याने प्रवासात नेता येईल असं छोटं दाबयंत्रही स्वतः आखून करवून घेतलं. या प्रती आज फिकट झाल्या आहेत. काहींवर तर जेफरसननेच नंतर लेखणी फिरवून अक्षरं गडद केली आहेत, आणि अशा ठिकाणी मूळ शब्द कोणता हे संपादकांना ताडून पाहावं लागतं.

दुसरा, पॉलिग्राफ. जॉन आयझॅक हॉकिन्सचं १८०३ चं पेटंट, फिलाडेल्फियात चार्ल्स विल्सन पील तो बनवत असे. दोन लेखण्या आडव्या-उभ्या दांड्यांच्या सांगाड्याने जोडलेल्या असतात. एक आपण चालवायची, दुसरी शेजारच्या कागदावर तेच वळण गिरवते. जेफरसनने आधी वास्तुविशारद लॅट्रोबकडचा उसना आणून पाहिला आणि १८०४ पासून मरेपर्यंत हेच यंत्र वापरलं. सध्याच्या युगातला सर्वांत उत्तम शोध, असं त्याने त्याचं कौतुक केलं आहे. एक यंत्र वॉशिंग्टन शहरात, एक मॉन्टिसेलोला.

त्रास यातही होता. दोन्ही पिसांची टोकं सारखी कापलेली, सारख्या लांबीची आणि सारख्या कलाने बसवलेली हवीत. नाही तर एक लिहिते आणि दुसरी कागदाच्या वर तरंगते किंवा ओरखडते. दोन दौती, दोन्हीत शाईची पातळी सारखी. सांधे सैल झाले की नक्कल थरथरते. जेफरसन पीलला सतत सुधारणा कळवायचा आणि जुनं यंत्र परत करून नवं घ्यायचा.

तिसराही एक प्रयोग त्याने केला, शाईच्या कागदाचा, म्हणजे आपल्या कार्बनसारखा. पण त्या कागदाचा वास त्याला सहन होईना.

गारगोटी

म्हणजे प्रत्येक पत्राला 'सीसी: मी स्वतः' :)

पण मग पॉलिग्राफवर लिहिलेल्या दोन कागदांतलं मूळ कोणतं आणि नक्कल कोणती, हे ओळखायचं कसं? दोन्ही एकाच हाताची, एकाच क्षणाची!

मुक्तछंद

अक्षरावरून ओळखणं कठीण. कागदाच्या अंगावरच्या खुणा बघायच्या. पाठवलेल्या कागदावर टपालाच्या घड्या, पत्ता, लाखेचा किंवा चिकट टिकलीचा डाग, टपालखात्याची खूण आणि पलीकडच्याने मिळाल्याची केलेली नोंद असते. घरी राहिलेल्या कागदावर यांतलं काही नसतं.

फाउंडर्स ऑनलाइनवर पत्राखाली लघुरूपं दिसतील. 'आरसी' म्हणजे ज्याला लिहिलं त्याच्याकडची प्रत, 'पीआरसी' दाबयंत्राची, 'पीओसी' पॉलिग्राफची, 'डीएफटी' कच्चा मसुदा, 'टीआर' दुसऱ्या कुणी उतरवलेली, आणि 'एसजेएल' म्हणजे अनघाताईंनी सांगितलेली नोंदवही. फक्त मसुदा उपलब्ध असेल तर ते पत्र खरोखर गेलं का, हे नोंदवहीत बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अनघा_पु

याचं झकास उदाहरण: 'पृथ्वी जिवंत माणसांची आहे' हा विचार मांडणारं मॅडिसनला लिहिलेलं पत्र. एका पिढीने केलेलं कर्ज आणि कायदे पुढच्या पिढीवर लादू नयेत, म्हणून १९ वर्षांनी सगळे कायदे आपोआप संपावेत, असा हिशेब त्यात मांडला आहे. पत्रावर तारीख ६ सप्टेंबर १७८९, मुक्काम पॅरिस. पण मॅडिसनकडे ते गेलं जानेवारी १७९० मध्ये, जेफरसन अमेरिकेत परतल्यावर. मॅडिसनचं सौम्य पण सडेतोड उत्तर ४ फेब्रुवारी १७९० चं: रस्ते, पूल, स्वातंत्र्ययुद्ध यांसाठी काढलेल्या कर्जाचा फायदा पुढच्या पिढीलाही मिळतोच की. तारखा नीट पाहिल्या नाहीत तर मॅडिसनने पाच महिने उत्तर दिलं नाही, असा भलताच अर्थ निघतो.

सप्तपर्ण

टपालखर्चाचं कुणी लिहिलं नाही. १७९२ च्या कायद्याप्रमाणे दर दोन गोष्टींवर ठरत: अंतर आणि कागदाचे ताव. एका तावाला ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ४५० मैलांच्या पुढे २५ सेंट. दोन ताव असले की दुप्पट. आणि पैसे बहुतेक वेळा पत्र घेणारा देई! वेगळं पाकीट वापरलं तर तोही एक ताव धरला जाई, म्हणून पाकीट कुणी वापरत नसे. एक ताव मधोमध दुमडून चार पानं करायची, तीनांवर लिहायचं, चौथ्यावर पत्ता, आणि घडी घालून लाखेने बंद. उघडताना लाखेपाशी कागद फाटतो आणि त्या जागचे शब्द जातात. छापील पत्रांत कंसातले शब्द दिसतात ते बऱ्याचदा या भोकातले, संपादकांनी संदर्भाने भरलेले.

निवृत्तीनंतरही काँग्रेसने त्याला टपालमाफी दिली. पत्ता लिहिल्या बाजूला 'फ्री' लिहून सही केली की झालं. याचा परिणाम लोकांनी लिहिण्यावर काय झाला असेल, ते त्याच्याच आकड्यात बघा: जून १८२२ मध्ये तो ॲडम्सला लिहितो की सहज कुतूहल म्हणून १८२० साली आलेली पत्रं मोजली, ती १२६७ निघाली, आणि कित्येकांना उत्तर द्यायचं तर अभ्यास करावा लागतो. वय तेव्हा ७९, आणि उजवं मनगट १७८६ पासून अधू.

रानवारा

मनगटाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. सप्टेंबर १७८६ मध्ये पॅरिसमध्ये पडून ते मोडलं. १२ ऑक्टोबरचं मारिया कॉसवेला लिहिलेलं 'डोकं आणि हृदय' यांच्या संवादाचं प्रसिद्ध पत्र चार हजारांहून जास्त शब्दांचं आहे, आणि ते त्याने डाव्या हाताने लिहिलं.

कोकणकडा

गोपनीयतेकडे वळूया, कारण इथे राजकारण आहे. १७९६ मध्ये इटलीत राहणाऱ्या फिलिप मात्झेई या जुन्या शेजाऱ्याला त्याने खाजगी पत्र लिहिलं. युद्धात सॅमसन आणि सल्लामसलतीत सॉलोमन असलेल्या माणसांचे केस इंग्लंड नावाच्या वेश्येने कापले, अशा अर्थाचं वाक्य त्यात होतं. मात्झेईने ते इटालियनमध्ये उतरवून लोकांना दाखवलं, जानेवारी १७९७ मध्ये ते फ्रेंचमध्ये पॅरिसच्या वृत्तपत्रात आलं आणि मे महिन्यात पुन्हा इंग्रजी होऊन अमेरिकेत छापलं गेलं. रोख वॉशिंग्टनवर आहे असंच सगळ्यांनी धरलं. जेफरसनने जाहीरपणे होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वॉशिंग्टनशी असलेला त्याचा पत्रव्यवहार तिथे संपला.

यानंतरची, विशेषतः १७९८-९९ ची पत्रं वाचताना फरक जाणवतो. टपालखात्यावर विश्वास नाही असं तो उघड लिहितो, महत्त्वाची पत्रं ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवतो, काहींवर सही करत नाही. तेव्हा या दोन वर्षांत एखाद्या विषयावर टपालात शांतता दिसली तर त्याला त्या विषयात रस नव्हता असं समजू नका. बरंचसं काम तोंडी आणि हातोहात चाललं होतं.

चष्मिष

त्याच कारणाने सांकेतिक लिपी. मॅडिसन, मन्रो, लिव्हिंगस्टन यांच्याशी आकड्यांच्या कोशाने चाले: प्रत्येक शब्दाला, अक्षरसमूहाला, अक्षराला एक आकडा, दोघांकडे कोशाची एकेक प्रत. मिळालेल्या पत्रात आकड्यांच्या वर बारीक अक्षरात अर्थ लिहिलेला दिसतो, तो घेणाऱ्याने सोडवताना लिहिलेला. एक अंक इकडचा तिकडे झाला की भलताच शब्द येतो. सगळं पत्र आकड्यांत लिहायचा कंटाळा म्हणून फक्त नाजूक वाक्यं आकड्यांत, बाकी साधं, आणि त्यामुळे आजूबाजूच्या मजकुरावरून अंदाज बांधणं शत्रूला सोपं.

त्याने स्वतः ३६ लाकडी चकत्यांचं यंत्र आखलं होतं. प्रत्येक चकतीच्या कडेवर २६ अक्षरं वेगवेगळ्या क्रमाने, मधून लोखंडी दांडा. संदेश एका ओळीत जुळवायचा आणि दुसरी कोणतीही ओळ उतरवून पाठवायची. पलीकडच्याने चकत्या ठरलेल्या क्रमाने लावून ती ओळ जुळवली की बाकीच्या ओळींतून अर्थ लागणारी एकच ओळ सापडते. त्याने ते वापरात आणलं नाही. अमेरिकी सैन्याने १९२२ च्या सुमारास असंच यंत्र स्वतंत्रपणे स्वीकारलं, आणि त्याच वर्षी जेफरसनच्या कागदांत हे टिपण सापडलं.

आणि रॉबर्ट पॅटरसन. फिलाडेल्फियाच्या या गणितज्ञाने डिसेंबर १८०१ मध्ये जेफरसनला नवी पद्धत कळवली. मजकूर उभ्या रकान्यांत लिहायचा, आडव्या ओळींचे नऊपर्यंतचे गट करायचे, गटात ओळींचा क्रम बदलायचा आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ठरावीक संख्येने निरर्थक अक्षरं घालायची. सोबत नमुना दिला, उत्तर दिलं नाही. तो नमुना २००७ मध्ये लॉरेन स्मिथलाइन या गणितज्ञाने सोडवला. आत होती स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची सुरुवात!

तांबडं_फुटलं

इथपर्यंत वाचलं. धागा उत्तम आहे, पण गुलामगिरीचा शब्दही न काढता जेफरसनची पत्रं वाचायची म्हणजे निम्मी पत्रं मिटूनच ठेवणं आहे. आयुष्यभरात ६०० हून जास्त माणसं त्याच्या मालकीची होती.

तीन जोड्या वाचा. पहिली: १९ ऑगस्ट १७९१ ला बेंजामिन बॅनेकर या मुक्त कृष्णवर्णीय गणिती माणसाने आपल्या पंचांगाची हस्तलिखित प्रत पाठवली आणि जाहीरनाम्यातलेच शब्द जेफरसनसमोर धरले. ३० ऑगस्टचं उत्तर सौजन्याचं आहे, पंचांग पॅरिसला गणितज्ञ काँदोर्सेकडे पाठवल्याचं त्यात सांगितलं आहे. मग त्याच्या शेजारी ८ ऑक्टोबर १८०९ चं जोएल बार्लोला लिहिलेलं पत्र ठेवा. बॅनेकर वारल्यावर त्याच्याच बुद्धीबद्दल जेफरसन तिथे तुच्छतेने लिहितो.

दुसरी: एडवर्ड कोल्स या व्हर्जिनियाच्या तरुणाने ३१ जुलै १८१४ ला विनंती केली की मुक्तीच्या कामात पुढाकार घ्या. २५ ऑगस्टचं उत्तर म्हणतं की हे काम तरुणांचं, मी म्हातारा झालो, आणि तुम्हीही व्हर्जिनिया सोडू नका. कोल्सने ऐकलं नाही. १८१९ मध्ये इलिनॉयला जाताना आपल्याकडच्या माणसांना मुक्त केलं, पुढे तो त्या राज्याचा गव्हर्नर झाला.

तिसरी जोडी म्हणजे त्याला आलेली पत्रं. पॉप्लर फॉरेस्टच्या मळ्यावरची हॅना ही गुलाम स्त्री १५ नोव्हेंबर १८१८ ला त्याच्या तब्येतीची चौकशी करणारं पत्र लिहिते. सुतार जॉन हेमिंग्ज तिथल्या कामाची खबर पत्राने देतो. त्या माणसांचा आवाज स्वतःच्या शब्दांत मिळण्याच्या या थोड्या जागा आहेत. सॅली हेमिंग्ज, जेफरसनच्या मुलांची आई मानली जाणारी गुलाम स्त्री, हिच्याबद्दल मात्र पत्रं जवळजवळ गप्प आहेत. तिथे शेतवही, १९९८ ची डीएनए तपासणी आणि कुटुंबाच्या साक्षी यांच्याकडेच जावं लागतं.

दौतटाक

तांबडं_फुटलं, मनापासून आभार. १८२० चं जॉन होम्सला लिहिलेलं पत्रही यात घालतो. मिसूरी राज्यात गुलामगिरी असावी का, या वादाला तो 'रात्री वाजलेली आगीची घंटा' म्हणतो आणि गुलामगिरीबद्दल लिहितो की लांडग्याचा कान हातात धरलाय, धरवतही नाही, सोडवतही नाही. वाक्य सगळेच उद्धृत करतात, पण त्याच पत्रात गुलामगिरी नव्या मुलुखात पसरू देण्याचं समर्थनही आहे, तो भाग गाळतात.

कोकणकडा

आणि तो त्याचा सर्वांत कच्चा युक्तिवाद आहे. माणसं विरळ पसरली की त्यांची स्थिती सुधारेल म्हणे.

सप्तपर्ण

जरा हलकं काही? ॲडम्सशी समेट.

१८०० च्या निवडणुकीनंतर दोघांचं बोलणं बंद. (त्या निवडणुकीत जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा ॲरन बर यांना ७३-७३ मतं पडली आणि प्रतिनिधीगृहात ३६ फेऱ्यांनंतर, १७ फेब्रुवारी १८०१ ला निकाल लागला.) १८०४ मध्ये जेफरसनची मुलगी वारली तेव्हा ॲबिगेल ॲडम्सने नवऱ्याला न सांगता सांत्वनाचं पत्र लिहिलं, पण पुढच्या काही पत्रांत जुन्या तक्रारी निघाल्या आणि तेही थांबलं. डॉ. बेंजामिन रश दोघांचा मित्र. त्याने १८०९ मध्ये ॲडम्सला लिहिलं की मला स्वप्न पडलं, त्यात तुम्ही दोघं पुन्हा पत्रं लिहू लागलात.

१ जानेवारी १८१२ ला ॲडम्सने छोटं पत्र लिहिलं: घरगुती विणीचे दोन नग पाठवतोय. पत्र पुढे गेलं, पुडकं मागे राहिलं. जेफरसनने २१ जानेवारीच्या उत्तरात व्हर्जिनियातल्या घरगुती कापडाबद्दल, चरख्यांबद्दल आस्थेने लिहिलं. पुडकं आलं तेव्हा त्यात निघाले ॲडम्सच्या मुलाच्या, जॉन क्विन्सीच्या, वक्तृत्वावरच्या व्याख्यानांचे दोन खंड!

तिथून १८२६ पर्यंत १५८ पत्रं, त्यांत ॲडम्सची जेफरसनच्या दुपटीहून जास्त. दोघंही एकाच दिवशी गेले, ४ जुलै १८२६.

गारगोटी

हे तर सिनेमातही कुणी दाखवायला धजणार नाही.

समाजमाध्यमांवर फिरणारी जेफरसनची वाक्यं कशी तपासायची? 'कमीत कमी राज्य करणारं सरकार सर्वांत उत्तम' वगैरे.

अनघा_पु

ते त्याचं नाहीच. पद्धत सोपी आहे. वाक्यासोबत कुणाला लिहिलं आणि कधी, या दोन गोष्टी नसतील तर तिथेच शंका घ्या. असतील तर फाउंडर्स ऑनलाइनवर लेखक जेफरसन, तो माणूस आणि ती तारीख टाकून शोधा. वाक्यातला एखादा ठळक शब्द घ्या, पूर्ण वाक्य नको, कारण त्याचं शुद्धलेखन स्वतःचं होतं. 'नॉलेज' हा शब्द तो आजच्यापेक्षा वेगळा लिहितो, 'रिसीव्ह' मध्ये 'आय' आणि 'ई' उलटे, आणि वाक्याची सुरुवात लहान अक्षराने. नीट आधुनिक स्पेलिंगने शोधलं तर खरं पत्रही हाती लागत नाही. मॉन्टिसेलोच्या संकेतस्थळावर त्याच्या नावावर खपवलेल्या वाक्यांची वेगळी यादी आहे, तीही बघावी.

आणि पत्राच्या वर 'अर्ली ॲक्सेस' असा शेरा असेल तर तो मजकूर अजून अंतिम तपासणीतून गेलेला नाही. त्यावरून शब्दशः उद्धृत करणं टाळा.

रानवारा

आता मूळ प्रश्नाकडे: क्रम. माझ्या मते जन्मापासून सुरुवात करणं व्यर्थ. पहिल्यांदा ६ नोव्हेंबर १८०१ चं, आपल्या मंत्र्यांना काढलेलं परिपत्रक वाचावं. वॉशिंग्टनच्या काळी काम कसं चाले ते त्यात सांगितलं आहे. अध्यक्षाच्या नावाने आलेलं खात्याचं पत्र त्या त्या मंत्र्याकडे जायचं. मंत्र्याला आलेलं पत्र आणि त्याचं प्रस्तावित उत्तर अध्यक्षाच्या नजरेखालून जायचं. रोजच्या रोज गठ्ठे, बहुतेक सही होऊन परत, अडलेलं असेल तर भेटीत बोलायचं. तशीच पद्धत मी ठेवू इच्छितो, असं तो म्हणतो. हे एक पत्र वाचलं की परराष्ट्रमंत्री मॅडिसन आणि अर्थमंत्री गॅलटिन यांच्याशी झालेल्या शेकडो चिठ्ठ्या कुठे बसतात ते कळतं.

त्यानंतर १८ एप्रिल १८०२ चं लिव्हिंगस्टनला, न्यू ऑर्लिन्स ज्याच्या हाती तो आपला स्वाभाविक शत्रू, असं सांगणारं. त्यानंतर १८ जानेवारी १८०३ चा काँग्रेसला गुप्त संदेश, ज्यात पश्चिमेकडच्या मोहिमेसाठी अवघे २,५०० डॉलर मागितले आहेत. २० जून १८०३ च्या लुईसला दिलेल्या सूचना. अक्षांश-रेखांश कसे नोंदायचे, नोंदींच्या प्रती किती करायच्या, एखादी प्रत भूर्जपत्रावर करा म्हणजे ओल कमी लागते, इथपर्यंत. मग चष्मिषने सांगितलेली ऑगस्ट-सप्टेंबरची तीन.

तांबडं_फुटलं

यात कोल्स आणि बॅनेकर शेवटी ढकलू नका. लुइझियानानंतर लगेच घ्या. त्या मुलुखात गुलामगिरी जाणार का, हाच पुढचा प्रश्न होता.

रानवारा

बरोबर, तसंच. आणि ॲडम्सची १८१२ नंतरची त्यापुढे.

गारगोटी

या क्रमात एका पत्रावर साधारण किती वेळ धरावा? परिपत्रक उघडलंय, तळटीपच पत्राएवढी आहे.

मुक्तछंद

पत्र आधी एकदा तळटीपेशिवाय वाचा, मग टीप, मग पुन्हा पत्र. आणि पानाच्या तळाशी मागच्या-पुढच्या पत्रांचे दुवे असतात ते न वापरता तारखेच्या यादीत जा. तिथे त्याच दिवशी आलेली पत्रंही दिसतात. ६ नोव्हेंबर १८०१ च्या आठवड्यातली सगळी चाळून बघा आणि इथेच लिहा काय सापडलं ते.